बांधावर टांगलेले बूट

मला लेप्टो झाला त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. उंदरांच्या लघवीमुळे चिखलापाण्यातून, जखमेवाटे येणारा ताप तो. माझी तब्येत बरी आहे. दोन घास जास्त जातात, लघवी साफ होते, चढण चढताना धाप लागते ती वयाची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना माझी काळजी करत बसू नका. काळजी करण्यासारखी दुसरी एक होती. तिचं नाव प्रणाली. माझ्या पुतण्याची, सुरेशची मुलगी. सतरा वर्षांची.

आमचं गाव म्हसळ्यापासून आत. भाताची खाचरं आहेत, पण घरटी एक तरी माणूस मुंबईला नाहीतर पनवेलकडे कामाला. माझा महेश तिकडेच, सुरेशही तिकडे गाडी चालवतो. मग लावणीला हात कमी पडतात. म्हणून कितीतरी वर्षं गावातल्या शाळा-कॉलेजच्या मुलींना लावणी मीच शिकवते. चार-पाच जणी असतात. गावात माझ्यासारखी सरळ ओळ कुणाची पडत नाही, हे मी नाही, लोक म्हणतात. मला ते ऐकायला फार आवडायचं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असं मला आता वाटतं.

पायाला शेत कळतं

लावणी मागे मागे जात करायची असते. कमरेत वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. पुढचं दिसतं ते लावून झालेलं. मागे काय आहे ते दिसत नाही, ते पायाला कळतं. नांगर कुठे राहिला, ढेकूळ कुठे आहे, पाणी कुठे जास्त आहे, सगळं तळवा सांगतो. म्हणून मी मुलींना पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगायची ती ही, की चपला बांधावर.

दुसरंही एक कारण होतं. आम्ही लावणीच्या पहिल्या दिवशी खाचराला हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो. तिथे पायात घालून उतरायचं म्हणजे मला कसंतरीच व्हायचं.

त्या वर्षी प्रणाली गमबूट घेऊन आली. काळे, नवे, आतून पिवळे. तिची आई संगीता समुद्राकडच्या एका हॉटेलात भांडी घासायला जाते. सकाळी सहाच्या एसटीने निघायच्या आधी ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, काकी, मी असणार नाय, पण पोरीला बुटाशिवाय उतरवू नका, आशाताईने सांगितलंय. मी म्हटलं, बरं गो बाय.

बरं म्हटलं आणि शेतात काय केलं ते ऐका. प्रणाली बूट घालून खाचरात उतरली, चार पावलं मागे गेली आणि पाचव्याला बूट चिखलात रुतला, पाय बाहेर आला, पोरगी बसली पाण्यात. सगळ्या हसल्या. तिने बूट ओढून काढला तेव्हा चिखलात एवढा मोठा खड्डा पडला, त्यात पाणी भरलं आणि तिने लावलेली रोपं उलटी होऊन तरंगायला लागली. मला राग आला.

"काय गो, लावणी करायला आलीस की गटार साफ करायला? देवळात पण बूट घालून जाशील?"

ती काही कमी नव्हती. म्हणाली, "आजी, तुझ्या टाचा बघ आधी. त्या भेगांत रोपं लावली तर तिथेच मण दोन मण भात होईल."

परत सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मी ते बूट तिच्या पायातून काढायला लावले, सुतळीने एकमेकांना बांधले आणि बांधावरच्या निगडीच्या कुंपणाला टांगले. म्हटलं, राहू दे तिथे, पाखरं घाबरतील. बाकीच्या मुलींपैकी दोघींनी आपापल्या चपला आपणहूनच काढल्या. चेष्टेला घाबरून माणूस काय काय करतं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, पण मला तेव्हा ते शिकवणं वाटलं.

आशाताईने, म्हणजे आमच्या गावच्या आरोग्यसेविकेने, लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्याही दिल्या होत्या. आठवड्यातून एकदा, जेवल्यावर घ्यायच्या. माझ्या, आणि मुलींना वाटायच्या म्हणून त्यांच्याही. त्याने पोटात ढवळतं असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. पोरी ओकत बसल्या तर लावणी कोण करणार, म्हणून मी ती पाकिटं तशीच मसाल्याच्या डब्यामागे ठेवली. इस्पितळातून परत आले तेव्हा तिथेच होती.

काच

तिसऱ्या दिवशी प्रणालीच्या तळव्यात काच गेली. आमच्या खाचरांवरून रस्ता जातो, शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, बाटल्या खाली येतात. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "आजी, टोचलं गो." पाय वर केला तर टाचेच्या पुढे बोटभर चीर आणि रक्त.

मी बांधावर तिला बसवली. काच ओढून काढली. एकदांडीचा पाला चुरून त्याचा रस पिळला, हे माझ्या आईपासून चालत आलेलं. रक्त थांबेना, म्हणून खाचरातला मऊ चिखल उचलला आणि वरून थापला. शेतात लागलेल्याला शेताची माती लावायची, अशी आमची समजूत. चिखल थंड असतो, रक्त थांबतंही. मी पंच्याची चिंधी बांधली आणि म्हटलं, "झालं. राजकन्येला आता पालखी आणू का?"

ती उठली आणि परत खाचरात उतरली. पाच दिवस आणखी लावणी केली. ओळ छान पडायला लागली होती तिची. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्यानंतर ही. ती एवढी खूश झाली की तिने संध्याकाळी आईला काचेचं काही सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर आईने दुसऱ्या दिवशी पाठवलं नसतं ना. आणि मीही सांगितलं नाही, कारण बूट कुठे होते हे संगीताने विचारलं असतं.

डॉक्टरांनी काय विचारलं

लावणी संपून थोडे दिवस गेले आणि प्रणालीला ताप आला. डोकं ठणकत होतं, पोटऱ्या एवढ्या दुखत होत्या की हात लावू देईना. संगीताने सुट्टी घेतली. मी घरातली मोठी, म्हणून मीही बरोबर गेले. तालुक्याच्या बाजारात एक डॉक्टर आहेत, तरुण, चांगले. दवाखाना तापाच्या माणसांनी भरलेला.

त्यांनी तिचे डोळे बघितले आणि विचारलं, "भातशेतीत उतरली होतीस का? पायाला काही जखम, कापलं वगैरे?"

मी हे वाक्य कितीदा ऐकलं असेल मनात. साधं विचारलं होतं. वर बघूनही नाही, लिहिता लिहिता. संगीता तिच्या उजव्या बाजूला उभी, मी डाव्या. प्रणालीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. आणि तिने तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"उतरली होती, पण बूट घालून. जखम बिखम काय न्हाय."

डॉक्टरांनी पाय बघितला नाही. चीर तोवर मिटली होती, वर खपली होती, आणि बघायला बाहेर वीस माणसं होती. त्यांनी सांगितलं, साथीचा ताप दिसतोय, तीन दिवस गोळ्या घ्या, उतरला नाही तर रक्त तपासू. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं.

बाहेर आल्यावर संगीता म्हणाली, "बरं झालं काकी, बूट घालायला लावलेत." मी तिला म्हटलं, पोरीला उसाचा रस पाजूया का. पाजला. प्रणालीने अर्धा ग्लास प्यायला.

मग माझी पाळी

दोन दिवसांनी मला थंडी वाजून आली. डोळे लाल, पोटऱ्यांत गोळे. महेश नेमका गावी आला होता, त्याने मला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलाही तेच विचारलं. आणि मी काय केलं माहीत आहे? पाय वर करून दाखवले. म्हटलं, "अनवाणीच होते डॉक्टर. या बघा भेगा. सगळी लावणी अनवाणी केली."

स्वतःच्या वेळी कशी पटकन जीभ सुटली. तिथे संगीता नव्हती ना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. महेशला सांगितलं, आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्या, मी चिठ्ठी देतो. तासाभरात गाडी निघाली. त्या गाडीत मी शुद्धीवर होते. प्रणालीच्या घरावरूनच रस्ता जातो. दार उघडं होतं, ओटीवर तिची ओढणी वाळत होती. मला बोलता येत होतं. मी महेशला म्हणू शकले असते, थांब, तिलाही घे. मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हाताला सलाईन, आणि तिथली डॉक्टरीणबाई महेशला म्हणाली की तुमच्या आई वेळेत आल्या, अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं. एक दिवस, हे शब्द माझ्या कानात गेले. मी महेशला म्हटलं, संगीताला फोन लाव. सांग, माझ्यासारखंच आहे, पोरीला इकडे आण. काचेचं तेव्हाही नाही बोलले. म्हटलं, आणतायत ना, आता कशाला.

प्रणाली संध्याकाळी आली. डोळे हळदीसारखे झाले होते.

मोजलेली लघवी

इस्पितळाचं काय सांगू. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, आठला रक्त काढायला एक मुलगा यायचा तो शीळ घालत यायचा. दिवसभर माझ्या खाटेखाली एक बाटली असायची, तिच्यात किती लघवी झाली ते सिस्टर फळीवर लिहायची. पहिले चार दिवस जवळजवळ काहीच नाही. सत्तरीला टेकलेल्या बाईला माणसं विचारतात, आजी, झाली का? आणि झाली म्हटलं की तीन जणी खूश होतात. दिवसाआड मशीनला लावायचे, चार तास. रक्त नळीतून बाहेर जाताना दिसायचं. थंडी एवढी वाजायची की दात आपटायचे. शेजारच्या खाटेवर श्रीवर्धनकडची एक कोळीण होती, ती मला स्वतःची गोधडी द्यायची आणि शिव्याही द्यायची, की म्हातारे, मरायचं तर माझ्या गोधडीत मरू नको. तिच्यामुळे मी त्या दिवसांत दोनदा हसले.

महेश गुमसुम असायचा. सूनबाई फोनवर त्याच्याशी भांडायची, त्याची रजा संपत आली होती. एकदा तो मला म्हणाला, "आई, तू कधी कुणाचं ऐकलंस का गो?" त्याला बूट माहीत नव्हते, तो नुसता वैतागून बोलला. पण लागायचं तिथे लागलं.

प्रणाली वरच्या मजल्यावर, आयसीयूत. आत एका वेळी एकालाच सोडायचे. मग उरलेला वेळ संगीता कुठे बसणार? ती माझ्याजवळ येऊन बसायची. पोरीला खायला द्यायचं नव्हतं, नाकात नळी होती. संगीता सकाळी कुठूनतरी पेज मिळवायची, आईच्या हाताला सवय असते ना कुणाला तरी भरवायची, आणि ती पेज ती मला भरवायची. चमच्याने. वर म्हणायची, "काकी, तुमी फोन केलात म्हणून तरी पोर इथपर्यंत आली."

मी ती पेज गिळली. रोज गिळली. मीठ बरोबर असायचं.

एकदा सिस्टरने मला खुर्चीतून वर नेलं. आधी काचेतून बघितलं, मग तिने आत खाटेजवळ नेलं. प्रणाली सुजली होती, ओळखू येईना. पायावर चादर होती. मी सिस्टरला विचारलं, ऐकू येतं का तिला? ती म्हणाली, बोला आजी, येत असेल. मी खुर्ची फिरवायला सांगितली.

आमच्या दोघींची दुखणी एकाच खाचरातली. औषधंही तीच. माझी मूत्रपिंडं हळूहळू चालू झाली. तिच्या फुप्फुसात रक्त गेलं. पाचव्या दिवशी दुपारी वरून सुरेशचा आवाज आला. त्या दिवशी माझ्या फळीवर सिस्टरने पहिल्यांदा चांगला आकडा लिहिला होता.

पाय कुणी धुतले

मी घरी आले तोवर तिचं तेरावं होऊन गेलं होतं. अंगात त्राण नव्हतं. तरी चौथ्या दिवशी काठी घेऊन मी संगीताच्या घरी गेले. सुरेश ओटीवर होता, तो उठून मागच्या दाराने गेला. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी गेला. नंतर कळलं तेव्हापासून तर तो माझ्याशी बोलतच नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

संगीता तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. बूट मी काढायला लावले. काच लागली होती. चिखल मी थापला. डॉक्टरला खोटं मी बोलले. आणि गाडी तुझ्या दारावरून गेली तेव्हा मी जागी होते.

तिने सूप खाली ठेवलं नाही. खडे वेचत म्हणाली, "मला ठाव हाय काकी. तिला आंघोळ मीच घातली. पाय मीच धुतले."

तेवढंच. मला वाटलं ती ओरडेल, केस धरेल, गावाला गोळा करेल. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि हे तिला कळलं होतं बहुतेक. ती म्हणाली, "तुमी कधी येऊन सांगता ते बघत होते."

मग ती आत गेली आणि बूट घेऊन आली. कुंपणावरून तिनेच काढून आणले होते. माझी गाठ अजून तशीच होती.

"पुढच्या लावणीला हे घालायचे. पोरींना तुमीच शिकवायचं. आणि उतरायच्या आधी सगळं सांगायचं. कुणाचे हायत ते पण."

आता कशी लावणी शिकवते

बूट घालून लावणी होते. मीच नाही म्हणायचे, म्हणून सांगते. बूट पोटरीला सुतळीने दोनदा बांधायचे. पाऊल सरळ वर नाही ओढायचं, टाच आधी फिरवायची, मग चिखल सोडतो. पडलेला खड्डा हाताने मिटवायचा आणि मगच पुढची काडी. ओळ थोडी वाकडी पडते. पडू दे. वाकड्या ओळीला पण भात येतो, मी मोजून बघितला नाही, पण कणगी भरते.

उतरायच्या आधी मुलींना बांधावर बसवते आणि प्रत्येकीचे तळवे बघते. कापलेलं असेल तर त्या दिवशी घरी, मग ती कितीही रडू दे. गोळी माझ्यासमोर, भाकरी खाल्ल्यावर. आणि ताप आला, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं, की मी चिखलात होते. कुणी मोठं माणूस मध्ये बोललं तर त्याला गप्प करायचं. माझ्यासारखी आजी बोलली तर तिलाही. हे मी त्यांच्याकडून म्हणवून घेते. पहिल्या वर्षी लाजल्या. एक म्हणाली, आजी, मोठ्यांना गप्प बस कसं म्हणायचं? मी म्हटलं, मला म्हण. तिने म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं.

ते झालं की मी बूट घालते आणि कुणाचे ते सांगते.

प्रणालीचं पाऊल माझ्यापेक्षा लहान होतं. अंगठे आत दुमडून घालावे लागतात. पहिल्या लावणीत माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, नंतर गळाली. लावणीचे सगळे दिवस संगीता सुट्टी घेते आणि बांधावर येऊन बसते. संध्याकाळी मी वर आले की तीच सुतळी सोडते, बूट ओढून काढते, माझे तळवे उलटेपालटे करून बघते, कुठे चिरलंय का. मग बूट धुते, उलटे करून पाणी निथळवते आणि आपल्या घरी घेऊन जाते. यंदा मी तिला विचारलं, माझ्या मापाचे दुसरे आणू का?

"न्हाय," म्हणाली.

आशाताईच्या सांगण्यावरून मी हे लिहायला घेतलं, बाकीच्या गावांत वाचून दाखवता येईल म्हणून. लिहून झाल्यावर आधी संगीताकडे गेले. तिला सगळं वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती, मध्ये कुठे थांबली नाही. संपल्यावर म्हणाली, एक चुकलंय. मला वाटलं, ती माझ्या फोनचं म्हणेल, नाहीतर पेजेचं.

"डॉक्टरकडे तिने मान खाली घातली, असं लिवलंय तुमी. मी बाजूलाच होते. तिने मान न्हाय घातली. तुमी खोटं बोललात तशी ती तुमच्याकडे बघून हसली. तुमी घाबरलेल्या ना, म्हणून. तेवढं नीट करा."

वर खोडलेलं नाही, तसंच ठेवलं आहे. इथे नीट करते. ती हसली होती.